न लावलेल्या स्पीकरचं अंतर

रिसीव्हर घ्यायचाय म्हणतोस? घे की. कान तुझे, शेजारी तुझे, मी कोण नको म्हणणारा? पण विचारायला आलाच आहेस तर नीट बस. तो मोबाइल आधी उलटा ठेव, उजेड डोळ्यांत जातो. आणि तू गं, येताना दार लोटून घे. वारा येतोय म्हणून सांगतोय, उगाच एकमेकांची तोंडं बघू नका.

हं. काय विचारत होतास? सात चॅनेलचा की नऊ चॅनेलचा?

अरे, उभा जन्म दुकानात गेला माझा. टीव्ही, स्पीकर, रिसीव्हर. प्रत्येक गिऱ्हाईक आत आलं की पहिला प्रश्न हाच. चॅनेल किती, वॅट किती, मागे एचडीएमआयची भोकं किती. खोली केवढी आहे ते मात्र कुणी सांगत नाही. चपला घ्यायला जाताना माणूस पाय घरी ठेवून जातो का? मग खोली न मोजता हे डबडं कसं घेता रे तुम्ही?

तुझी खोली बारा बाय चौदा. पाच स्पीकर आणि खालच्या धमधमीला एक सबवूफर, याच्या पलीकडे जायचं नाही. टीव्हीखाली मधला, म्हणजे सेंटर. सिनेमातली माणसं बोलतात ती बहुतेक त्यातूनच, म्हणून तिथे कंजुषी करायची नाही. डावा-उजवा गाण्याबजावण्याला. आणि बसायच्या जागेच्या दोन बाजूंना दोन. पाऊस पडला, गाडी गेली, कुणी मागून आलं, ते त्यांच्याकडे. रिसीव्हर हा या सगळ्यांचा कारभारी. कुणी कधी आणि किती बोलायचं ते तो ठरवतो. आणि एक चॅनेल म्हणजे एका स्पीकरची जागा, तेव्हा पाच लावणार असशील तर पाचाचाच घे. मागे दोन जागा रिकाम्या ठेवू नकोस.

"पण काका, पुढे लागले तर?"

हेच. शब्दाला शब्द हेच म्हणाले होते मोजणीसाहेब.

नको म्हणत होतो विषय, पण निघालाच आहे तर ऐका. आणि हे माझ्यावर बेतलेलं नाही, आधीच सांगतो. हे कानसेनवर बेतलं. कानसेन म्हणजे माझ्या दुकानातला जोडणीवाला. घरोघरी जाऊन स्पीकर टांगणं, वायरी लपवणं, यंत्र लावून देणं, हे त्याचं काम. खरं नाव काय होतं कोण जाणे, त्याची बायकोसुद्धा त्याला कानसेनच म्हणायची. चहाटळ माणूस, एक नंबरचा. पण खोटं बोलणारा नाही. आणि त्या नोव्हेंबरनंतर चहाटळपणा पण गेला त्याचा.

तर मोजणीसाहेब. जमिनी मोजायचे ते, सर्व्हेअर. सगळी नोकरी उन्हातान्हात टेप ओढण्यात गेली. रिटायर झाले तरी खिशात टेप असायचीच. त्यांचं एक वाक्य ठरलेलं, "एकदा मोजलं ते मोजलंच नाही." दुकानात आले ते खोलीचा नकाशा काढून घेऊन. दार कुठे, खिडकी कुठे, टीव्हीपासून खुर्ची किती फुटांवर, खुर्चीपासून मागची भिंत किती. मला तर गहिवरून आलं. म्हटलं, देवा, एक तरी शहाणा पाठवलास!

खुर्ची त्यांच्या बायकोची. चाकांची. दोन वर्षांपूर्वी वहिनींना झटका आला होता. ऐकू सगळं यायचं, समजायचं सगळं, पण बोलणं गेलं ते गेलंच. उजवी बाजू लुळी. मान वळायची नाही. डाव्या हाताची बोटं तेवढी हलायची. एक बोट उचललं की हो, दोन उचलली की नाही. दोघांचा सगळा संसार त्या दोन बोटांवर चालला होता. चहा हवा? एक बोट. खिडकी लावू? दोन.

आणि बाईंना सिनेमाचं वेड. साहेब सांगायचे, लग्नानंतर आमची भांडणं झाली ती थेटरात कुठल्या रांगेत बसायचं यावरून. तिला पुढे बसायचं असायचं, माणसांचे श्वास ऐकू येतील इतकं पुढे. आता थेटर बंद झालं. घरातला टीव्ही चपटा, त्याचा आवाज तोंडात रुमाल धरून बोलल्यासारखा.

"तिला शब्द न् शब्द ऐकू आला पाहिजे," साहेब मला म्हणाले. "तेवढंच उरलंय हो तिला."

मी पाच चॅनेलचं यंत्र दाखवलं. त्यांनी सातवालं उचललं. मी म्हटलं, साहेब, मागच्या दोन जागा रिकाम्या राहतील. ते म्हणाले, राहू देत, पुढे लागले तर? मी फार ताणलं नाही. गिऱ्हाइकाला शहाणपण एकदाच सांगायचं असतं.

शुक्रवारी दुपारी कानसेन गेला लावायला. तळमजल्याचं घर, मागे एक बोळ, बोळाच्या पलीकडे दुसऱ्या इमारतीचं कुंपण. त्यानं पाच स्पीकर लावले, वायरी भिंतीच्या कडेनं नेल्या. वहिनी बघत होत्या. हा स्टुलावर चढून कसरत करत म्हणतोय, "वहिनी, पडलो तर हसायचं नाही हं!" आणि त्यांनी दोन बोटं उचलली. म्हणजे हसणारच. साहेब कित्येक दिवसांनी मोठ्यानं हसले म्हणे.

मग राहिली मोजणी. हे नीट समजून घ्या, सगळी गोष्ट इथेच आहे. रिसीव्हरबरोबर एक छोटा माइक येतो. तो आपण बसतो त्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवायचा. मग यंत्र एकेका स्पीकरमधून आवाज सोडतं. फुस्स... असा, नळाला पाणी यायच्या आधी होतो तसा. तो माइकपर्यंत यायला किती वेळ लागला, त्यावरून स्पीकर किती लांब आहे ते काढतं आणि टीव्हीवर आकडा दाखवतं. म्हणजे काय, तर यंत्र हाक मारतं, आणि जिकडून ओ येते तिकडचं अंतर लिहून घेतं. जिथे स्पीकरच लावला नाही तिथून ओ येत नाही. यंत्र थोडं थांबतं, नाही म्हणून लिहितं आणि पुढे जातं.

याला शांतता लागते, अगदी टाचणी पडली तरी चालत नाही. त्या दिवशी बाहेर रस्त्याचं काम चाललं होतं. चार वेळा यंत्रानं नापास केलं. शेवटी कानसेननं साहेबांनाच सगळं शिकवलं. म्हणाला, "रात्री करा. पंखा बंद, फ्रिज बंद. आणि खोलीत कुणी थांबायचं नाही. वहिनींना आतल्या खोलीत न्या."

साहेबांनी मान डोलावली. पण वहिनींना काही आत नेलं नाही. त्यांचं म्हणणं, जागा तिची, ती नसताना तिची जागा मोजायची कशी? माणूस आणि खुर्ची मिळून आवाज अडतो ना? मोजायचं तर जसं आहे तसंच मोजायचं. सर्व्हेअर पडले. त्यांनी माइक खुर्चीच्या मागे स्टँडवर, वहिनींच्या डोक्याशी उभा केला, दिवे मालवले, स्वतः दारात रिमोट घेऊन उभे राहिले. वहिनींना म्हणाले, "दोन मिनिटं गप्प बस." त्या बोलत नव्हत्याच, तरी म्हणाले. दोघांची जुनी थट्टा असणार ती.

शनिवारी सकाळी साहेबांचा कानसेनला फोन. "अहो, तुमचं यंत्र मागेही एक स्पीकर दाखवतंय. एकोणीस फुटांवर."

कानसेन हसला. "साहेब, मागे वायरच नाही लावलेली. भिंतीचा प्रतिध्वनी असेल. सेटिंगमध्ये जाऊन तेवढा बंद करून टाका."

"बंद केला. पण आकडा आला कुठून? मागची भिंत पाच फुटांवर आहे. एकोणीस फूट म्हणजे बोळात येतं."

आणि गंमत ऐका. साहेबांनी टेप घेऊन खिडकीतून बोळापर्यंत मोजलं होतं! एकोणीस फुटांवर बोळाच्या मधोमध उभे राहून आले होते. तिथे काहीही नव्हतं. रिकामा बोळ. कानसेननं मला हे दुकानात सांगितलं तेव्हा आम्ही दोघं पोट धरधरून हसलो. म्हटलं, अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

शनिवारी संध्याकाळी दोघांनी सिनेमा लावला. साहेब सांगत होते, काय आवाज, काय आवाज! वहिनींच्या डोळ्यांतून पाणी आलं. अर्धा सिनेमा छान बघितला. आणि मग त्या पडद्याकडे बघेनात. मान तर वळत नव्हती, म्हणून डोळे... डोळे सारखे कोपऱ्यात न्यायच्या. उजवीकडे, मागे. जितके जातील तितके. सिनेमात काही नसलं तरी.

आता यावरून तुम्ही काय समजला असतात?

साहेब काय समजले बघा. बिचारा प्रेमाचा माणूस. ते समजले, तिला मागून आवाज जास्त येतोय. म्हणजे बाजूचे स्पीकर चढे लागलेत. म्हणजे मोजणी चुकली. एकदा मोजलं ते मोजलंच नाही. म्हणून शनिवारी रात्री त्यांनी परत मोजलं.

मागचा स्पीकर, बारा फूट.

रविवारी सिनेमा लावला, तर वहिनी डोळे पुढे आणीनातच. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटत राहिल्या. साहेब विचारतात, आवाज कमी करू? दोन बोटं. वाढवू? दोन बोटं. दुसरा सिनेमा लावू? दोन. बंद करू? दोन. त्या बाईला काय सांगायचं होतं ते कुठल्याच प्रश्नात बसत नव्हतं. हो आणि नाही एवढंच असलेल्या माणसाला कुणीतरी बरोबर प्रश्न विचारावा लागतो रे. तो कुणाला सुचला नाही.

रविवारी रात्री साहेबांनी परत मोजलं.

सहा फूट.

सोमवारी कानसेन गेला. हसणं संपलं होतं त्याचं, पण भीतीही नव्हती. त्याला वाटलं यंत्रात खोट आहे. त्यानं रिसीव्हर मागून तपासला. मागच्या दोन्ही जागा रिकाम्या, वायरीचा तुकडासुद्धा नाही. तरी माझ्या दुकानातून दुसरा रिसीव्हर नेला होता, दुसऱ्या कंपनीचा. माइक पण दुसरा. घरातल्या दोन गाद्या मागच्या भिंतीला उभ्या करून बांधल्या, म्हणजे प्रतिध्वनी यायचा असेल तर मरेल. दिवसा मोजता येत नव्हतं, तरी त्यानं सगळी तयारी करून ठेवली.

निघताना तो वहिनींसमोर उकिडवा बसला. मला नंतर म्हणाला, "माझ्या मनात काय आलं मला ठाऊक नाही, पण मी विचारलं."

"वहिनी, तुमच्या मागे कुणी असतं का?"

एक बोट. लगेच.

साहेब म्हणाले, "अहो, ती दमलीय. दमली की एकच बोट उचलता येतं तिला."

कानसेननं परत विचारलं. परत एक बोट. आणि ते खाली येईना. तसंच वर राहिलं. कानसेनच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. तो साहेबांना म्हणाला, आता हे मोजणं पुरे, मी अंतरं हातानं भरून देतो, टेप आहे ना तुमच्याकडे? पण साहेब अडून बसले. तीन रात्री आकडा बदलतोय, एकोणीस, बारा, सहा. जमीन कधी हलते का? मागची भिंत पाचावर, आणि आकडा सहा. भिंतीला बाहेरून टेकून उभं राहिल्यावर येईल तेवढा. हा आकडा काय आहे ते कळल्याशिवाय मी तिला त्या खुर्चीत बसवू कसं? त्यांना काळजीच होती रे. बायकोच्या पाठीमागे काहीतरी आहे आणि ते काय ते माहीत नाही, तर त्या माणसाला जन्मभर एकच गोष्ट येत होती. मोजणं.

"तुम्ही थांबा नाहीतर मी एकटा करतो," म्हणाले.

एकटं कसं सोडायचं? कानसेन थांबायला कबूल झाला. सोमवारी रात्री त्याच्या घरी पाहुणे होते, म्हणून मंगळवार ठरला.

सतरा नोव्हेंबर. मंगळवार. रात्री दीड.

रस्ता झोपला होता. पंखा बंद. फ्रिज बंद. भिंतीवरचं घड्याळ काढून स्वयंपाकघरात उशीखाली ठेवलं. कानसेन म्हणाला, वहिनींना आत नेऊ. साहेब म्हणाले, तिन्ही वेळा ती इथेच होती, आता हलवली तर तुलना कशी होणार? वहिनींना कुणीच विचारलं नाही. त्या बोटं वर करून बसल्या होत्या. दोन बोटं. केव्हापासून, कोण जाणे.

दिवा मालवला. टीव्हीचा तेवढा निळा उजेड. साहेब आणि कानसेन दारात. समोर वहिनींची पाठ नाही, बाजू दिसत होती. खुर्ची. डोक्यामागे स्टँडवरचा माइक. आणि त्याच्या मागे पाच फूट अंधार, मग गाद्या.

साहेबांनी बटण दाबलं.

डावीकडून, फुस्स...

मधून, फुस्स...

उजवीकडून.

मग बाजूचा उजवा. बाजूचा डावा. सगळं ठीक. कानसेनचे कान तयार. प्रत्येक आवाज कुठून आला ते तो डोळे मिटून सांगेल.

मग यंत्र थांबलं. आता मागच्यांची पाळी. मागे स्पीकर नाही. इथे काही ऐकू येत नाही, येऊच शकत नाही. यंत्र रिकाम्या जागेला हाक मारतं आणि गप्प बसतं...

गप्प.



आणि मग... मागून...

फुस्स.

हळू. खुर्चीच्या अगदी मागून.

तो म्हणतो, "काका, यंत्राचा आवाज मी हजारदा ऐकलाय. एकसारखा असतो. सुरू होतो, संपतो. हा तसाच होता. पण हा... तोंडानं काढलेला होता."

कुणीतरी नक्कल करत होतं. यंत्राची. नीट, शिकल्यासारखी. तीन रात्री ऐकून ऐकून शिकलेली.

आणि मध्येच तो आवाज तुटला.

कारण... श्वास घ्यायला थांबलं ते.

श्वास घेतला. ऐकू आला. आणि उरलेला आवाज पुरा केला.

काय रे? नाही, काही नाही, मांजर असेल बाहेर. बस खाली.

 कानसेनला ओरडता येईना. त्याच्या बाजूला साहेब. तेही तसेच. दोन धडधाकट पुरुष, सहा पावलांवर खुर्ची, आणि दोघांनाही एक पाऊल टाकवेना. वहिनींचा हात दिसत होता त्यांना, निळ्या उजेडात. आपटत नव्हता आता. दांडा घट्ट धरून ठेवला होता. नखं पांढरी पडेपर्यंत.

टीव्हीवर आकडे आले.

मागचा स्पीकर, एक फूट.

त्या यंत्रात त्याहून लहान आकडाच नव्हता.

कानसेन कसा हलला त्याचं त्याला माहीत नाही. त्यानं मुख्य प्लगच ओढला. निळा उजेड गेला. पूर्ण काळोख. त्या काळोखात साहेबांना दिव्याचं बटण सापडेना. स्वतःच्या घरातलं बटण. इंच न् इंच मोजलेल्या घरातलं. नुसता भिंतीवर हात फिरतोय, खरखर, खरखर, आणि तोंडानं बायकोला हाका. ती बिचारी ओ कशी देणार?

दिवा लागला.

मागे कुणी नव्हतं. गाद्या जशाच्या तशा. माइक जागच्या जागी. वहिनी खुर्चीत. गालांवरून पाणी चाललेलं, आवाज नाही.

साहेब गुडघ्यांवर बसले त्यांच्यासमोर. शेवटी त्यांना तो प्रश्न सुचला.

"मागे कुणी आहे?"

एक बोट.

"गेलं?"

दोन बोटं.

पुढे विचारायची दोघांची छाती झाली नाही.

आता तुम्ही म्हणाल, यंत्र फेकून द्यायचं. दिलं. दोन्ही यंत्रं कानसेननं त्याच रात्री उचलून नेली, माइकसकट. स्पीकर काढले. मला म्हणाला, माझ्या पगारातून कापा, मी काही कापलं नाही. पण तुम्ही एक विचार करा. हाक मारणारं यंत्र बंद केलं, म्हणून आलेलं परत जातं असं कुणी सांगितलं? ते शेवटच्या मोजणीला जिथे होतं तिथेच राहिलं. एक फुटावर. साहेब वेड्यासारखे झाले. कानसेनला फोन करायचे, एकदाच मोजून बघू का? लांब गेलं असेल तर कळेल तरी. आणि लगेच स्वतःच म्हणायचे, नको, नको, मोजलं की जवळ येतं. मोजावं तर भीती आणि न मोजावं तर कळणार नाही. त्या माणसानं टेप विहिरीत टाकली म्हणे.

खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली त्यांनी, मागे जागाच राहू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी वहिनींनी भिंतीवर डोकं आपटायला सुरुवात केली. पुढे ओढली तेव्हा थांबल्या. डॉक्टर झाले. झोपेचं औषध झालं. कुणी सांगितलं जागा बदला, तर घर सोडलं, बोळ सोडला, दुसऱ्या गावी मुलीकडे गेले. चौथ्या मजल्यावर. तिथे टीव्हीसुद्धा लावत नाहीत.

कानसेन गेल्या महिन्यात जाऊन आला भेटायला. नको म्हणत होतो मी त्याला. दुपारची वेळ, भरपूर ऊन, मुलगी-जावई कामावर. साहेब निम्मे झालेत. वहिनी खिडकीशी खुर्चीत. डोळे आता मागे नेत नाहीत त्या. समोरच बघतात, कुणाकडेच न बघता. कानसेननं थट्टा करून पाहिली, बोट हललं नाही.

साहेब कंगवा घेऊन त्यांचे केस विंचरत होते. डोकं सगळं कोरडं, नीट तेल लावलेलं. उजव्या कानामागे मात्र तळहाताएवढे केस ओले. मानेला चिकटलेले. उजवी बाजू लुळी, वहिनींचा डावा हात तिथवर पोहोचत नाही. कानसेन म्हणाला, अंघोळीचं पाणी राहिलं असेल. त्यानंच टॉवेल घेतला, दाबून दाबून पुसलं, अगदी कोरडं केलं. केस मोकळे करून बघितले. आणि तिथेच समोर स्टूल घेऊन बसला, नजर न हलवता. साहेब बाजूला बसले.  थोड्या वेळानं त्यानं हात लावून पाहिला.

ओलं होतं. आणि कोमट. लहान मुलाला खांद्यावर झोपवलं की त्याच्या तोंडापाशी आपला सदरा होतो ना, तसं.

कानसेनचा हात तसाच राहिला. साहेबांनी त्याच्या दुसऱ्या हातातून हळूच टॉवेल काढून घेतला, "असू दे, सवय आहे मला," म्हणाले, आणि पुन्हा पुसायला लागले.